सिस्टर, प्रार्थनासभेत जे बोलले नाही

सिस्टर,

परवा नगरला, सावेडीत, तुमच्या प्रार्थनासभेत मी उभी राहिले, तीन वाक्यं बोलले आणि खाली बसले. "साळवे सिस्टर फार प्रेमळ होत्या. आमच्या भागातल्या कितीतरी बायकांची बाळंतपणं त्यांनी केली. माझंही त्यांनीच केलं." पहिलं वाक्य तुमच्या कानावर पडलं असतं, तर तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं असतंत. म्हणे प्रेमळ! तुमच्या चपलांचा आवाज व्हरांड्यात आला की कळा देणारी बाई पदराचा बोळा तोंडात कोंबायची.

मला उभं केलं ते तुमच्या लेकीनं, स्मितानं. "मंगलताई, तुम्ही आशा सेविका म्हणून आईबरोबर एवढी वर्षं काम केलंत, दोन शब्द बोला." पाळकसाहेबांनी माइक पुढं केला. समोर तुमचा फोटो होता, स्मिताच्या लग्नातला, जांभळ्या साडीतला. तुम्हाला मी पांढऱ्या साडीशिवाय कधी बघितलंच नव्हतं. फोटोतली बाई मला अनोळखी वाटली आणि तिच्यासमोर मला खरं बोलता येईना. घरी आल्यापासून झोप नाही, जेवण गोड लागत नाही. म्हणून लिहायला बसले आहे.

आपली पहिली भेट तुमच्या लक्षातही नव्हती. मी एकदा आठवण काढली तर म्हणालात, "अगं, किती आल्या नि किती गेल्या." मी एकोणीस वर्षांची होते. पहिलटकरीण. दवाखान्यात दोनच टेबलं, एकावर मी, दुसऱ्यावर पलीकडच्या वाडीची एक बाई, आणि दोघींमध्ये तुम्ही एकट्या. मी लई ओरडत होते. तुम्ही आलात आणि माझ्या मांडीवर सणसणीत चापट ठेवून दिलीत. "आता ओरडतेस? नवऱ्याजवळ जाताना ओरडली होतीस का?" कोपऱ्यातली मावशी फिसकन हसली. मी ओरडायची थांबले. कळा सोसल्या, पण ते हसू सोसलं नाही. अठरा वर्षं झाली, मला त्या मावशीचे दातसुद्धा आठवतात.

मग नितीन झाला. वार पडली. सगळं उरकलं असं वाटत होतं आणि माझ्या अंगाखाली ऊन ऊन काहीतरी पसरायला लागलं. तुमचा चेहरा एकदम बदलला. "मावशी, सलाईन जोरात सोड. इंजेक्शन आण, पळ!" तुम्ही एक हात मुठीसारखा करून आत घातलात, दुसऱ्या हातानं वरून पोट दाबून धरलंत, दोन्हींच्या मध्ये माझी पिशवी आवळून धरलीत. जीव जाईल असं दुखलं. मी आवाज गिळून पडून राहिले होते, कारण तुमचीच भीती होती. तर तुम्ही माझ्या तोंडाजवळ वाकून म्हणालात, "आता ओरड. मोठ्यानं ओरड. तू गप्प झालीस तर मला कळायचं कसं?"

पाऊण तास तुम्ही तशाच उभ्या होता. रक्त थांबलं तेव्हा तुमच्या हाताची बोटं उघडेनात, मावशीनं एकेक करून सोडवली. नंतर तुम्ही स्टुलावर बसलात आणि आईनं माझ्यासाठी आणलेला चहा न विचारता पिऊन टाकलात.

सिस्टर, चापट मारणारी आणि जीव वाचवणारी बाई वेगवेगळी असती तर मला सोपं गेलं असतं. एकीचा राग धरला असता, दुसरीच्या पाया पडले असते. तुम्ही दोन्ही एकाच तासात केलंत.

पुढं मी आशा झाले आणि गावातल्या बायका घेऊन तुमच्याच दारात यायला लागले. आपलं भांडण तेव्हा सुरू झालं. एकदा तुम्ही एका पोरीला मारलंत आणि मी मध्ये पडले.

"सिस्टर, बाईला मारू नका."

"मग तू ये आत. तू कर."

"मारून मूल लवकर येतं का?"

"बाईनं जोर लावला नाही तर मूल आत गुदमरतं. मी गोड बोलत बसू? आज तीन झाल्या, ही चौथी. जेवले नाही मी अजून."

"बाई दुखणं विसरती सिस्टर, तुमचं बोलणं नाही विसरत."

"पण जगते ना?"

"जगते."

"झालं तर मग."

हे भांडण आपण कितीदा केलं असेल! पण त्याच भांडणातून तुम्ही मला आत घ्यायला लागलात. बायकांचा हात धरायला, पाठ चोळायला. बाळंतीण झाल्यावर तिच्या पोटावर माझा हात ठेवून म्हणायचात, "दाब. कपाळासारखं टणक लागलं तर बरं. कणकेच्या गोळ्यासारखं मऊ लागलं तर मला हाक मार, देवाला नंतर." दुपारी तुमच्या डब्यातली अर्धी भाकरी माझी असायची. आणि एकदा, एक पोर किंचाळत असताना, तुमचा हात वर गेला, तुम्ही माझ्याकडं बघितलंत आणि तो हात तिच्या केसांवरून फिरवलात. भांडण जिंकल्याचा आनंद मला त्या दिवशी घरी जाईपर्यंत पुरला.

तुमच्या चापटीची आणि मुठीची गोष्ट मी गावात सगळ्या गरोदर बायकांना सांगायची. सरकारी दवाखान्याची भीती जावी म्हणून सांगायची. अश्विनीलाही सांगितली.

आता तिचं नाव आलंच आहे.

अश्विनी वीस वर्षांची होती. नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेलेली, नववा लागल्यावर एकटीच परत आली, सासूकडं, गयाबाईकडं. हातभर पाचटाचे ओरखडे आणि डोळ्यांच्या आत पांढरं फटक. मी तिला तुमच्याकडं आणलं. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सहा. तुम्ही मलाच झापलंत, जणू काही ते रक्त मीच पिऊन टाकलं होतं. तिला सलाईनमधून लोह दिलंत आणि कार्डावर लाल पेनानं ठळक लिहिलंत: नगर. "मंगल, ऐक. हिला पहिली कळ आली की इथं आणायचं नाही. सरळ नगरला. तिथं रक्त आहे, ऑपरेशनचे डॉक्टर आहेत. माझ्याकडं दोन्ही नाही."

मी मान डोलवली.

त्या दिवशी घरी परतताना अश्विनीनं विचारलं होतं, "ताई, त्या सिस्टर खरंच मारत्यात का?"

मी म्हणाले, "मारत्यात. पण मरू देत न्हाईत."

ती एवढी हसली की रस्त्यात पोट धरून उभी राहिली. पुढं आठवडाभर गल्लीत सगळ्यांना सांगत सुटली. "आमच्या आशाताईच्या सिस्टर मारत्यात, पण मरू देत न्हाईत."

सकाळी नऊला तिला कळा सुरू झाल्या. ॲम्ब्युलन्सला फोन लावला, ती दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली, वेळ लागेल म्हणाले. शेजारच्यांची जीप मिळाली. मी, अश्विनी आणि गयाबाई. फाट्यावर ड्रायव्हरनं गाडी हळू केली. उजवीकडं नगर, दीड-पावणेदोन तास. डावीकडं आपला दवाखाना, वीस मिनिटं.

"ताई, कुठं घेऊ?"

अश्विनीनं माझं मनगट धरलं. तिची नखं रुतली. "ताई, नगरला नगं. तिथं आपलं कोन हाय? तुमी जिथं वाचल्या तिथंच न्या मला."

गयाबाई खिडकीतून बाहेर बघत होती. कार्ड माझ्या पिशवीत होतं. मला ते काढून बघायची गरज नव्हती, तुमची लाल अक्षरं मला पाठ होती.

मी म्हणाले, "डावीकडं घ्या."

हे वाक्य मी कालपर्यंत कुणासमोर उच्चारलेलं नव्हतं.

तुम्ही दारातच आम्हाला पाहिलंत. "इथं का आणलीस? मी काय लिहिलं होतं?" मी काहीतरी पुटपुटले. तुम्ही तिला तपासलंत. बाहेर आलात तेव्हा तुमचा आवाज खाली गेलेला होता. "पिशवीचं तोंड आठ सेंटिमीटर उघडलंय. आता हलवली तर वाटेत होईल, जीपमध्ये." डॉक्टर तालुक्याला मीटिंगला. तुम्ही त्यांना फोन केलात, ॲम्ब्युलन्सला पुन्हा फोन केलात आणि हात धुतलेत.

तिला तुम्ही मारलं नाहीत. एकदाही नाही. "अश्विनी, शाब्बास, अजून थोडं, माझी गुणाची बाई." मी तुमच्या तोंडून एवढं गोड कधी ऐकलं नव्हतं आणि ते ऐकूनच मला कळलं. तुम्ही घाबरला होता.

मुलगी झाली, लगेच रडली. आणि मग तेच. मी पोटावर हात ठेवला आणि मला मऊ लागलं.

तुम्ही जे माझ्यासाठी केलंत ते सगळं तिच्यासाठी केलंत. मी वाचले तेव्हा माझं जेवढं गेलं होतं, त्याच्या निम्मंही तिचं गेलं नव्हतं. पण तिच्याजवळ घालवायला रक्तच नव्हतं. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा तुम्ही तशाच, हात न काढता, स्ट्रेचरबरोबर वाकून चालत गाडीत चढलात. गयाबाई पुढं ड्रायव्हरशेजारी, मांडीवर नात. मागं आपण तिघी.

मिरजगाव मागं पडेपर्यंत अश्विनी बोलत होती. "थंडी वाजतीया ताई." मी शाल घातली, वर माझा पदर घातला. मग तिनं विचारलं, "पोरगी गोरी हाय का काळी?"

"तुझ्यासारखी हाय."

"मंग काळीच," ती म्हणाली आणि तोंडातल्या तोंडात हसली.

तुम्ही म्हणालात, "मंगल, बोलत रहा तिच्याशी. थांबू नको." मी बोलत राहिले. काय बोलावं सुचेना, म्हणून जे रोज घरोघरी सांगते तेच सांगायला लागले. आता पहिली लस, मग दीड महिन्यानं, मग अडीच, मग साडेतीन. सहा महिने फक्त अंगावरचं दूध. बाळाला उन्हात कधी न्यायचं, टाळूवर तेल किती घालायचं. रुईछत्तिशी आलं तेव्हा तुम्ही पोटावरचा हात काढून तिच्या गळ्याशी नेलात. तिथंच ठेवलात, बराच वेळ. मग माझ्याकडं बघितलंत. तुमचे डोळे मला कळले. मी थांबले.

तुम्ही ओठ न हलवल्यासारखं म्हणालात, "बोलत रहा."

पुढं काचेपलीकडं गयाबाई होती. माझा आवाज थांबला असता तर तिला कळलं असतं. म्हणून मी गेलेल्या बाईला नगर येईपर्यंत लसी सांगत राहिले. नऊ महिन्यांना गोवर. दीड वर्षाला बूस्टर. तुम्हीही तुमची मूठ काढली नाहीत. नगरच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी तुमच्या खांद्यावर हात ठेवला, "सिस्टर, सोडा आता," तेव्हा काढलीत.

सिस्टर, अजूनही लसीकरणाच्या दिवशी एखाद्या आईला "दीड महिन्यानं" म्हणताना माझी जीभ अडखळते. बायकांना वाटतं, मला तारीख आठवत नाही.

मग चौकशी झाली. लांबलचक टेबल, चार-पाच साहेब, आणि भिंतीकडेच्या खुर्च्यांवर आपण दोघी. त्यांनी विचारलं, जोखमीची माता म्हणून नोंद होती, मग नगरला का नेलं नाही? माझ्या मांडीवर डायरी होती आणि डायरीत ते कार्ड. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तुम्ही बोललात. "नगरला न्यायचं हे मी आशाला नीट बजावलं नव्हतं. आणि पेशंट आल्यावर मी ठेवून घेतली. निर्णय माझा होता."

तुम्ही माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. आणि मी, सिस्टर, मी गप्प बसले. मला वाटलं होतं पुढच्या प्रश्नाला बोलेन. पुढचा प्रश्न आला, त्याच्या पुढचा आला. शेवटी साहेबांनी फाइल मिटली. तुम्हाला नोटीस आली, मग बदली, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. तुम्ही निघालात त्या दिवशी मी मुद्दाम सर्व्हेला गेले.

का केलंत तसं? सहा वर्षं मी हेच विचारते आहे. माझ्या लेकराकडं बघून? की खरंच तुम्हाला वाटत होतं की दारातूनच परत पाठवायला हवं होतं? की माझ्या ठिकाणी नवी आशा आली तर गावातल्या बायका पुन्हा घरीच बाळंत होतील, असा हिशोबी विचार केलात? तुम्ही हिशोबी होताच. कोणतं उत्तर खरं असलं तर मला बरं वाटेल, तेही मला ठरवता येत नाही. कधीकधी तुमचा रागच येतो. तुम्ही मला वाचवलंत आणि बोलायची वाटच बुजवून टाकलीत.

तुम्ही रिटायर झाल्यावर मी एकदा सावेडीला आले होते. ज्वारी घेऊन. तुम्ही दार उघडलंत, पिशवी घेतलीत, "ओझं कशाला आणलंस" म्हणून रागावलात. पोहे केलेत. गुडघ्यांचं बोललात, स्मिताच्या नोकरीचं बोललात, नितीनची उंची विचारलीत. मी तीनदा सुरुवात केली, "सिस्टर, त्या दिवशी..." तीनदा तुम्ही उठलात. एकदा पाणी आणायला, एकदा पंखा वाढवायला, एकदा काहीच कारण नसताना. निघताना जिन्यात मात्र तुम्ही विचारलंत, "मंगल, रक्त कमी असलेल्या बायका आता कुठं नेतेस?"

"नगरला, सिस्टर. पहिल्या कळेला."

"हट्ट करतात का?"

"करतात."

"मग?"

"मी ऐकत न्हाई."

तुम्ही बरं म्हणालात आणि दार लावून घेतलंत. तेवढंच आपलं बोलणं. मला वाटलं होतं, अजून येणं-जाणं होईल, एखाद्या वेळी तुम्ही उठणार नाही.

आता ऐका. प्रार्थनासभेहून परत आले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी गयाबाईकडं गेले. अंगणात ती मटकी निवडत होती. नात शेजारी पाटीवर अक्षरं गिरवत होती, पहिलीला आहे ती आता. रंगाला आईवरच गेलीय. मी तिला दुकानात पिटाळलं आणि सगळं सांगितलं. कार्ड, लाल अक्षरं, फाटा, डावीकडं, चौकशी. साळवे सिस्टर गेल्या, हेही सांगितलं. ते सांगताना माझी नजर मटकीच्या सुपावर होती.

गयाबाईनं सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला. मग म्हणाली, "आत्ता सांगतीस व्हय? त्या गेल्यावर?"

"व्हय मावशी."

"जीपीत मी बी हुते. तिनं नगरला नगं म्हनलं तवा मी का न्हाई बोलले, त्ये मला कुनी इचारलं का?" तिनं सूप बाजूला सारलं. "माजी चूक मी गिळली. आन त्या बाईला सहा वर्सं रोज शिव्या घातल्या. पोरीला न्हाऊ घालताना, चुलीपाशी, देवाम्होरं बसून. रोज. आता त्या शिव्यांचं मी काय करू, सांग. कुठं ठिवू त्या?"

तुम्हाला सांगता आलं असतं का?

तिनं मला चहा दिला नाही. जा म्हणाली. मी कुंपणापाशी पोचले तेव्हा मागून हाक आली, "त्यांस्नी पुरलंय कुठं?"

मी सांगितलं.

"रविवारी यष्टी किती वाजता हाय?"

तर सिस्टर, रविवारी आम्ही येतोय. गयाबाई, पोर आणि मी. माफी मागायला येतेय की उरलेल्या शिव्या तोंडावर घालायला, ते तिनं सांगितलं नाही. मी विचारलं नाही. तिला तुमच्यापर्यंत आणून सोडणं एवढंच माझ्या हातात आहे. या वेळी ती काय बोलेल ते पाणी आणायला न उठता ऐकून घ्या.

तुमची,
मंगल